पाय असलेली आजी

रविवार, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही विमानतळाजवळच्या त्या नव्या हॉटेलच्या दारात उतरलो, तेव्हा दोन माणसे, एक बॅग आणि एक कापडी पिशवी असा आमचा एकूण चार नगांचा ऐवज होता. दरवानाने बॅग उचलली आणि पिशवीकडे हात केला, तशी बायकोने ती पोटाशी धरली. एवढ्या रुबाबदार गणवेशातल्या माणसाला आपण आपले ओझे उचलायला लावावे हे तिला पटत नव्हते. तो आपल्याला काहीतरी बक्षीस द्यायला आला आहे असेच सुरुवातीला तिला वाटले, असे तिने मला नंतर लिफ्टमध्ये सांगितले.

हॉटेल इतके नवे होते की लिफ्टच्या पितळी पट्टीवरची पारदर्शक प्लास्टिकची झिल्ली अजून काढलेली नव्हती. गालिच्याला गोदामातून नुकत्याच आणलेल्या मालाचा वास होता. स्वागतकक्षातल्या मुलीने आमची ओळखपत्रे पाहिली, आमच्या मुलीने केलेले आरक्षण पडद्यावर शोधले, आणि आपण किती दिवस राहणार असे अदबीने विचारले. दुपारपर्यंत, असे मी म्हणालो. तिने हसू आवरले नाही, पण ते चांगले हसू होते. नात येणार आहे, असे बायकोने लगेच पुढे जोडले, आणि मग त्या मुलीने खिडकीला विमाने दिसतील अशी खोली आम्हाला बदलून दिली.

इथे थोडा खुलासा करायला हवा. आमची मुलगी, जिला आम्ही छोटी म्हणतो (मोठी कोणी नसतानाही), परदेशात एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. तिथेच तिला मुलगी झाली. पोटातल्या पहिल्या फोटोत नुसता एक ठिपका दिसला होता, म्हणून नातीचे घरातले नाव ठिपकी पडले. त्यानंतर छोटीचे तिथल्या वास्तव्याचे कागद अडकले. बाहेर पडली असती तर पुन्हा आत शिरता आले नसते. आम्हाला तिकडे जायची परवानगी दोनदा नाकारली गेली. आता कागद सुटले, पण त्याबरोबरच तिला दुसऱ्या देशात नवी नोकरी लागली आणि लगोलग रुजू व्हायचे होते. जावई पुढे जाऊन घर लावत होते. वाटेत विमान बदलायचे होते ते आमच्या गावापासून रात्रभराच्या बसप्रवासावर असलेल्या या शहरात. दोन विमानांमधला वेळ सकाळी नऊपासून दुपारपर्यंतचा होता. तेवढ्यासाठी छोटीने ही खोली घेतली. तुम्ही या, मी येते, आपण चौघे एका छताखाली बसू, एवढेच ती म्हणाली होती.

ठिपकी पावणेचार वर्षांची झाली होती आणि तिच्या आजीने तिला एकदाही हात लावलेला नव्हता. त्या दिवशीचे काम एवढेच होते. नात आजीच्या मांडीवर बसायला हवी होती. बाकी गप्पा, फोटो, खाणेपिणे हे सगळे त्यापुढे किरकोळ.

मी तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेला माणूस. जलशुद्धीकरण केंद्रातली मापनयंत्रे तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली. काम कोणतेही असो, आधी त्याचा आराखडा करायचा हा स्वभाव झालेला आहे. बसमध्ये मी बायकोला सगळे समजावून सांगितले होते. मूल प्रवासाने दमलेले असेल. त्याच्यावर झडप घालायची नाही. आधी अंतर राखायचे, मग आवाजाची सवय होऊ द्यायची, मग खेळणे पुढे करायचे, आणि मांडी सर्वांत शेवटी. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि तिला शिंक आली तर? तुमची परवानगी काढून नाक पुसायचं का?”

खोलीत पोचल्यावर ती आधी न्हाणीघर पाहून आली आणि दारातच उभी राहिली. न्हाणीघर आणि खोली यांच्यामध्ये भिंतच नव्हती, काच होती, छतापासून जमिनीपर्यंत. बांधकाम अर्धवट राहिले आहे अशी तिची प्रामाणिक समजूत झाली. ही नवी पद्धत आहे असे मी म्हणालो. “पद्धत असेल,” ती म्हणाली, “पण या पद्धतीत आंघोळ कोण करतं?” मी बराच शोध घेऊन पडदा खाली सोडणारे बटण हुडकले. ते पलंगाच्या उशाशी होते, म्हणजे आत गेलेल्याची अब्रू बाहेर बसलेल्याच्या हातात.

साडेदहाच्या सुमारास दारावरची घंटा वाजली. छोटी दारात उभी होती. एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्यावर झोपलेली ठिपकी. चार वर्षांत तिच्या कानशिलापाशी पांढरे केस आले होते. बायकोने दोन्ही हात पुढे केले, मग मुलीला मिठी मारायची तर मध्ये नात येते आणि नातीला धरायचे तर ती जागी होते हे लक्षात येऊन ते तसेच हवेत ठेवले. शेवटी तिने छोटीचा गाल तेवढा दोन बोटांनी धरला. “वाळलीस,” ती म्हणाली. आईलोकांचे हे मापन सदैव एकाच बाजूला चुकते, हे मला ठाऊक आहे, पण त्या दिवशी ते बरोबर होते.

ठिपकीला पलंगाच्या मधोमध ठेवले. पलंग एवढा मोठा की ती त्यावर खरोखरच ठिपक्याएवढी दिसू लागली. छोटी पडदा सोडून आंघोळीला गेली आणि आम्ही दोघे दोन बाजूंना उभे राहून नातीकडे पाहत राहिलो. फोनच्या पडद्यावर दिसत नाहीत अशा कितीतरी गोष्टी होत्या. मानेमागची लव, कोपरावरचा जुना ओरखडा, श्वास सोडताना किंचित फुगणारा खालचा ओठ. बायको वाकली, तिच्या केसांचा वास घेतला आणि पुन्हा सरळ झाली. हात मात्र तिने पाठीमागे बांधून ठेवले होते. आराखडा ती पाळत होती.

ठिपकी उठली ती बारा वाजता. उठल्यावर तिने छत पाहिले, खिडकी पाहिली, शेजारी बसलेली आई पाहिली आणि मग आम्हाला पाहिले. रडली नाही. आईच्या दंडाला धरून हळूच विचारले, हे कोण आहेत.

“कोण म्हणजे? आजी-आजोबा,” छोटी म्हणाली.

ठिपकीने आम्हाला वरपासून खालपर्यंत निरखले. खालच्या भागावर तिची नजर अंमळ जास्त थांबली.

“नाहीत,” ती म्हणाली. “आजी-आजोबांना पाय नसतात.”

छोटीला हसू फुटले, ते तिने उशीत दाबले. मला मात्र ते विधान तपासून पाहावे लागले, आणि तपासले तेव्हा त्यात चूक सापडेना. दर रविवारी सकाळी आम्ही फोनवर तिच्यासमोर बसत असू. चित्र हलू नये म्हणून मी फोनसाठी लोखंडी पट्टीची बैठक करून ती टेबलाला स्क्रूने पक्की केली होती. दोघेही चौकटीत नीट मावावेत म्हणून खुर्च्यांच्या पायांच्या जागी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या होत्या. बोलणे संपेपर्यंत कोणी उठायचे नाही असा नियम होता, कारण उठले की पोटच तेवढे दिसते. असा आमचा चार वर्षांचा शिस्तबद्ध कारभार. त्यातून नातीला जे आजी-आजोबा मिळाले होते ते छातीपर्यंतचे होते, आईच्या फोनमध्ये राहत होते, आणि कधीही चालत नव्हते.

“पुतळ्यासारखं बसवून ठेवलंत मला,” बायको हळूच म्हणाली. “आता पुतळा उभा राहिला तर पोर घाबरणारच की.” ती हसत बोलली, पण बोलून झाल्यावर खिडकीशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून विमाने पाहू लागली. त्या खिडकीला तिहेरी काच होती. समोरून एवढी मोठी धुडे वर चढत होती आणि आत आवाज म्हणून येत नव्हता. तिचे खांदे मला दिसत होते.

ठिपकी आईला चिकटून बसली. दूध प्यायली ती आईच्या आडून, बिस्किट खाल्ले तेही आडूनच. मी एक उपाय करून पाहिला. खोलीतल्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी लावल्या, बायकोला बोलावले, आणि रविवारी बसतो तसे खांद्याला खांदा लावून आम्ही बसलो. पायांवर हॉटेलची पांढरी चादर घेतली. आता आम्ही बरोबर छातीपर्यंत होतो. ठिपकीने बराच वेळ पाहिले. “आजारी आहेत का?” तिने आईला विचारले.

मग तिने फोन मागितला. आजीला फोन लाव, असा तिचा हट्ट सुरू झाला. आज रविवार होता आणि रविवारी आजी-आजोबा दिसतात हे तिला पक्के ठाऊक होते. इतके सगळे चालले असताना तेच दोघे अजून का दिसले नाहीत, अशी तिची तक्रार होती, आणि ती रास्त होती.

मी उठलो, माझा फोन घेतला आणि खोलीबाहेर गेलो. दार मागे आपोआप लागले. किल्लीचे कार्ड आतच होते, पायांत हॉटेलच्या पांढऱ्या सपाता. समोरून सफाईवाली गाडी ढकलत येत होती. एक म्हातारा स्वतःच्याच खोलीच्या दारासमोर फोन उंच धरून केस सारखे करतो आहे हे पाहून ती थांबली. कार्ड आत राहिलं का, असे तिने विचारले. “कार्ड राहिलंय खरं,” मी म्हणालो, “पण त्यापेक्षा नात आत राहिली आहे.” तिला काय समजले कोण जाणे, पण ती पुढे न जाता गाडीला टेकून उभी राहिली.

छोटीने फोन घेतला आणि पडद्यावर ठिपकीचे नाक आले. “आजोबा,” ती म्हणाली. मी कुठे आहे असे तिने विचारले. दाराबाहेर, असे मी सांगितले. मग आत ये की, ती म्हणाली. तूच दार उघड, मी म्हणालो. आतून पावलांचा थपथप आवाज आला, आईने खटका फिरवला असावा, आणि दार उघडले. खाली ठिपकी उभी होती, दोन्ही हातांत फोन धरून. तिने फोनमधल्या माझ्याकडे पाहिले, मग वर पाहिले. मी बोललो की दोन्हीकडचे ओठ हलत होते. तिने हे तीनदा पडताळून घेतले. प्रयोगशाळेतली आमची माणसे एकदाच पाहून सही करीत.

“पाय आले,” तिने आत वळून आईला कळवले, आणि माझे बोट धरून मला खोली दाखवायला नेले. सफाईवालीने डोळ्यांना पदर लावलाच नाही, उलट ती खूश होऊन गाडी ढकलत निघून गेली.

आता कृती सिद्ध झाली होती. मी बायकोकडे फोन दिला आणि बाहेर जायला सांगितले. तिने फोन हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि मेजावर ठेवून दिला.

“मी नाही जायची,” ती म्हणाली.

का, असे मी विचारले. दोन मिनिटांचे काम आहे, आत्ताच तर पाहिलेस, असेही म्हणालो.

“चार वर्षं मी तिच्याकडे फोनमधूनच गेले. आज सबंध रात्र बसमध्ये बसून स्वतः आलेय. आता पुन्हा त्यातून नाही यायचं मला.” तिचा आवाज चढलेला नव्हता. “नाही आली तर नाही आली. डोळ्यांनी बघितलं ना, पुष्कळ झालं.”

पुष्कळ झालेले नाही हे आम्हा तिघांनाही समजत होते. छोटी काही बोलणार होती, पण मी मान हलवून तिला थांबवले. बायकोने खिडकीजवळची मोठी खुर्ची पसंत केली. हॉटेलसाठी म्हणून घेतलेले नवे बूट तिला सकाळपासून चावत होते, ते काढून बाजूला सारले. समोरच्या गुबगुबीत बैठ्या स्टुलावर पाय पसरले, डोळे मिटले, आणि बसमधली सगळी रात्र एकदम अंगावर आल्यासारखी तिथेच झोपली.

ठिपकी मला न्हाणीघरातला नळ दाखवत होती. हात पुढे केला की त्याला पाणी येते हे तिला सापडले होते. परत येताना ती स्टुलापाशी थबकली. तिच्या डोळ्यांच्या बरोबर समोर दोन तळवे होते. टाचांना भेगा, एका अंगठ्यावर बुटाने केलेला ताजा लाल डाग. तिने स्टुलाला एक प्रदक्षिणा घातली.

“हे कुणाचे?” तिने मला कुजबुजत विचारले.

“आजीचे.”

“फोनमध्ये नव्हते.”

“होते. टेबलाखाली होते.”

हा मुद्दा तिच्या विचारात नव्हता. छोटी पलंगाच्या कडेवर बसली होती, ती हलायची थांबली. ठिपकीने एक बोट पुढे करून टाचेला लावले आणि झटकन मागे घेतले. काही झाले नाही. मग तिने ती लाल जागा पाहिली आणि त्यावर फुंकर घातली. पुढे तिने बोटे मोजायला घेतली, प्रत्येकावर आपले बोट टेकवत. एक, दोन, तीन, पाच, सहा. चार हा आकडा तिच्या मोजणीत तेव्हा नव्हता. शेवटच्या करंगळीपर्यंत ती पोचली आणि तिने निष्कर्ष जाहीर केला.

“आजीला अकरा आहेत.”

नोकरीतली सगळी वर्षे मी दुसऱ्यांची मोजणी दुरुस्त करत आलो. तोंड उघडले होते, पण तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

“एक जास्तीचं आहे. ते तुझ्यासाठी आणलंय.”

ठिपकी दचकली, पण पळाली नाही. आवाज ओळखीचा होता. ती खुर्चीतल्या चेहऱ्याकडे पाहू लागली, मग पायांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. दोन्हींच्या मधला सगळा भाग तिने नजरेने जोडून घेतला.

“कुठलं?” तिने विचारले.

“शोध तूच.”

तिने करंगळी धरली. बायकोने ती हलवली. ठिपकी हसली आणि दुसरे धरले. तेही हलले. मग तिला स्वतःच्या बोटांची आठवण झाली असावी, कारण तिने मोजा ओढून काढला, जमिनीवर बसून पाय वर केला, तो स्टुलापर्यंत पोचेना. खाली उभी राहून एक पाय वर ठेवू पाहिला, तर तोल जाऊ लागला. मी पुढे व्हायला निघालो. छोटीने माझी बाही धरली.

“माझे पोचत नाहीत,” ठिपकीने आजीला सांगितले.

“मग वर ये,” बायको म्हणाली. “इथून पोचतील.”

ठिपकीने खुर्चीचा हात धरला, गुडघा वर टेकवला, आजीच्या मांडीला धरून स्वतःला ओढले, वळली आणि बसली. आपले दोन पाय तिने आजीच्या पायांवर लांब केले. ते जेमतेम नडगीपर्यंत गेले. तिला ते पुरेसे वाटले. ती मागे रेलली.

बायकोचे दोन्ही हात अजून खुर्चीच्या हातांवर होते. डोळे आता उघडे होते आणि ती माझ्याकडे पाहत होती. धरू का, असा तो प्रश्न होता. आराखडा माझा, तेव्हा परवानगी माझीच. मी मान हलवली. तिने हात उचलले आणि सावकाश नातीच्या पोटावर एकावर एक ठेवले. ठिपकीने ते सरकवून नीट केले, जसा कोणी पट्टा नीट करतो, आणि विमान कुठे चाललेय असे विचारले. बायको तिला प्रत्येक विमान कुठे चालले आहे ते सांगू लागली. त्यातले एकही ठिकाण नकाशात नव्हते.

छोटी उठून बॅग आवरायला लागली. एकच कपडा ती पुन्हा पुन्हा घडी करत होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. चार वर्षांत मी तिच्या डोक्यावर हात ठेवलेला नव्हता, तो ठेवला.

हॉटेलच्या खोलीतला फोन वाजला तो मी पहिल्याच घंटेला उचलला. गाडी आली आहे, असे स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली. मी कुठेही जायचे तर हाताशी जादा वेळ ठेवतो आणि त्यावरून घरात माझी रोज थट्टा होते. या गाडीच्या वेळेतही मी तसा भरपूर वेळ राखून ठेवला होता. चालकाला थांबायला सांगा, असे मी त्या मुलीला म्हणालो, आणि पुन्हा फोन आला तेव्हा पुन्हा तेच म्हणालो.

“बाबा, उशीर होईल का?” छोटीने विचारले.

“वेळ आहे.”

तिने माझ्याकडे वळून पाहिले. “तुम्ही म्हणताय हे? तुम्ही?”

“वेळ आहे,” मी म्हणालो.

खुर्चीत बायको काहीतरी सांगत होती आणि ठिपकी ते ऐकत आजीच्या बोटातली अंगठी गोल गोल फिरवत होती. राखून ठेवलेला सगळा वेळ संपेपर्यंत मी दारापाशी उभा राहिलो, घड्याळ हातात धरून. मग मात्र निघावे लागले. विमान त्यांना वेळेत मिळाले.

ठिपकी आजीच्या मांडीवर एकूण बावन्न मिनिटे बसली.